ऊर्जा-संक्रमण आणि श्रमिकांच्या पुनर्वसनाचे नियोजन : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

कोळसा व खनिज तेल यांवरील अवलंबित्व कमी करून कमी कार्बन उत्सर्जनाच्या अर्थव्यवस्थेकडे जाण्याचे धोरण आज जगातील बहुतेक राष्ट्रांनी स्वीकारले आहे. या बदलात ज्यांचा रोजगार जाणार आहे त्या श्रमिकांसाठी शासनाने आगाऊ नियोजन करावे, या विचारास 'न्याय्य संक्रमण' असे म्हणतात. हा विचार नवा वाटत असला तरी ऊर्जेच्या साधनात बदल होणे आणि त्याची किंमत श्रमिकांनी मोजणे हे पुणे जिल्ह्याच्या मावळ भागाला नवे नाही. प्रस्तुत शोधनिबंधात भोर व वेल्हे हे तालुके आणि त्यांना लागून असलेला मुळशीचा परिसर यांच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवाच्या आधारे या नियोजनाचा ऐतिहासिक विचार केला आहे.

सूचक शब्द : ऊर्जा-संक्रमण, न्याय्य संक्रमण, मुळशी सत्याग्रह, भाटघर, पानशेत, कातकरी, पुनर्वसन कायदा, रोजगार हमी योजना.

प्रस्तावना

मानवी समाजाच्या आर्थिक इतिहासात ऊर्जेचे साधन बदलले की श्रमाचे स्वरूपही बदलते. लाकडाची जागा दगडी कोळशाने घेतली, कोळशाच्या वाफेची जागा विजेने घेतली. प्रत्येक बदलाबरोबर काही व्यवसाय उदयास आले आणि काही नाहीसे झाले. नाहीशा झालेल्या व्यवसायांतील माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात बहुधा दुय्यम राहिला.

२०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात श्रमिकांच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस व नाशिक येथील औष्णिक वीजकेंद्रे आणि विदर्भातील कोळसा खाणी यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांपुढे त्यामुळे दीर्घ मुदतीचा प्रश्न उभा राहिला आहे. या प्रश्नाची चर्चा बहुधा युरोपातील उदाहरणांच्या आधारे होते. ती उदाहरणे उपयुक्त आहेतच. परंतु महाराष्ट्राच्या स्वतःच्या इतिहासातही या संदर्भात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. भोर-वेल्हे परिसर व शेजारील मुळशी भागात ऊर्जा आणि जलसंपत्तीच्या योजनांमुळे श्रमिकांच्या उपजीविकेत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.

२. या बदलांच्या वेळी शासनाने केलेले नियोजन कोणत्या क्रमाने व कोणत्या घटकांसाठी झाले याचा शोध घेणे.

३. महाराष्ट्रातील पुनर्वसन कायदे व रोजगार हमी योजना यांचा न्याय्य संक्रमणाच्या दृष्टीने अर्थ लावणे.

भोर-वेल्हे : भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील सह्याद्रीच्या कुशीतील तालुके होत. रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे ही येथील जुनी नावे शिवकाळापासून परिचित आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी व मोसे या नद्या येथेच उगम पावतात. या प्रदेशाचा मोठा भाग पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानाचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे तालुके होते. किल्ल्यांवरून पडलेली ही नावेच प्रदेशाचे स्वरूप सांगतात. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. प्रस्तुत निबंधात अभ्यासकाळास अनुसरून 'वेल्हे' हेच नाव वापरले आहे.

येथील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून होती. नदीकाठच्या खाचरांत भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी व वरई अशी तिची विभागणी असे. खाचर ही कुटुंबाची मुख्य मत्ता होती. वरकस जमीन व जंगल हा तिचा आधार होता. राबासाठी पालापाचोळा, जळणासाठी लाकूड, गुरांसाठी चारा हे सर्व डोंगरातूनच येई. नदीखोऱ्यात धरण झाले की सर्वांत प्रथम पाण्याखाली जाते ती खाचराची जमीन. उरलेल्या वरकस जमिनीवर कुटुंबाचे भागत नाही. पुढील सर्व घटनाक्रम समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कोळशाकडून जलविद्युतेकडे : मुळशीचा अनुभव

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालत. त्यांना लागणारा दगडी कोळसा बंगालसारख्या दूरच्या प्रांतातून व परदेशातून आणावा लागे. कोळशाचा खर्च, वाहतुकीची अनिश्चितता आणि शहरावर पसरणारा धूर यांमुळे गिरणीमालकांना दुसऱ्या साधनाची गरज भासत होती. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडणारे पावसाचे पाणी अडवून ते कोकणात उंचावरून सोडले तर वीज निर्माण होऊ शकते, ही कल्पना टाटा उद्योगसमूहाने प्रत्यक्षात आणली. १९१० मध्ये टाटा जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. त्यानंतर आंध्र खोऱ्याच्या योजनेतून १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. तिसरी योजना मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळील मुळशीच्या धरणाची होती. तिचे भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये कार्यान्वित झाले.

पाण्यापासून होणाऱ्या विजेस त्या काळी जगभर 'पांढरा कोळसा' असे संबोधले जाई. आजच्या परिभाषेत हे कमी कार्बन उत्सर्जनाकडे झालेले संक्रमणच होते. त्यामागील हेतू पर्यावरणाचा नसून खर्चाचा होता एवढाच फरक. या संक्रमणाचे दोन परिणाम श्रमिकांवर झाले.

पहिला परिणाम शहरातील होता. वाफेच्या यंत्रांची जागा विजेच्या मोटारी घेऊ लागल्यावर कोळसा उतरविणारे, वाहणारे व बॉयलरच्या तोंडाशी राबणारे कामगार यांची गरज कमी होणे स्वाभाविक होते. कामावरून कमी केलेल्या कामगारास नुकसानभरपाई देण्याची सर्वसाधारण कायदेशीर तरतूद भारतात १९५३ मध्ये, औद्योगिक विवाद कायद्यातील दुरुस्तीने झाली. म्हणजे मुंबईच्या गिरण्यांत वीज पोहोचल्यानंतर जवळजवळ चार दशकांनी.

दुसरा परिणाम मावळातील होता आणि तो अधिक तीव्र होता. मुळशी धरणाखाली ५२ गावे जाणार असल्याचे त्या काळी सांगितले जाई. आंबेमोहोर भाताची खाचरे, घरे, देवळे यांसह ही वस्ती उठणार होती. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये कंपनीसाठी सरकारने संपादन करावयाची होती. याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. स्त्रियांनीही त्यात भाग घेऊन तुरुंगवास पत्करला. १९२४ अखेर हा लढा संपला आणि धरण पूर्ण झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यातून पुढे येणारी एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुळशी भागातील पुष्कळशी जमीन कर्जापोटी सावकारांच्या नावे गेलेली होती. प्रत्यक्ष नांगर धरणारा मावळा अनेक ठिकाणी कुळ म्हणून राबत होता. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा मोबदला मिळण्याचा हक्क कागदावरील मालकास होता. त्यामुळे आरंभी एकत्र असलेले सावकार व शेतकरी यांचे हितसंबंध पुढे वेगळे झाले. जमिनीच्या मालकाची भरपाई झाली; जमिनीवर जगणाऱ्याची झाली नाही. मालकी आणि उपजीविका या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि भरपाईचा कायदा केवळ पहिली गोष्ट ओळखतो, हा मुळशीचा मुख्य धडा होय.

भाटघर, पानशेत आणि वरसगाव

मुळशीचे धरण वीजनिर्मितीसाठी झाले. भोर-वेल्हे परिसरातील धरणे मुख्यतः सिंचनासाठी व पुणे शहराच्या पाण्यासाठी झाली. तथापि विस्थापनाची प्रक्रिया दोन्हीकडे सारखीच होती.

वेळवंडी नदीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण बांधण्यात आले. त्याच्या खालील बाजूस नवे व अधिक उंच धरण बांधून १९२०-३० च्या दशकात ते पूर्ण झाले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या नावावरून ते लॉईड धरण म्हणून ओळखले गेले आणि जुने धरण नव्या जलाशयात बुडाले. या पाण्यावर नीरा डावा व उजवा कालवा चालतो. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तालुक्यांतील बागायती व पुढे उभे राहिलेले साखर कारखाने यांचा पाया या पाण्याने घातला. बुडालेले खोरे भोर संस्थानातील होते आणि लाभक्षेत्राचा मोठा भाग ब्रिटिश मुलखात होता. पाणी एका राज्यात अडले व मुख्यतः दुसऱ्या राज्यातील शेतांत गेले. १९७७ मध्ये भाटघर येथे १६ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. सिंचनासाठी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावरच ते चालते.

वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव ही धरणे स्वातंत्र्योत्तर काळात झाली. पानशेतचे धरण बांधकाम पूर्णत्वास जाण्यापूर्वीच १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्यामागोमाग खडकवासला धरणही फुटून पुणे शहरात प्रलय झाला. पुरानंतर शहरातील बेघर कुटुंबांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. याच धरणासाठी खोऱ्यातून उठलेल्या शेतकऱ्यांपुढे मात्र दौंडसारख्या सपाट, कमी पावसाच्या मुलखात नव्याने संसार मांडण्याचा पर्याय होता. भात पिकविणाऱ्या हातांना तेथील जमीन, पीक व हवामान सर्वच अपरिचित होते. पुष्कळ कुटुंबांनी खोरे सोडलेच नाही. ती जलाशयाच्या वरच्या उतारावर सरकली. पानशेतचे धरण पुन्हा बांधून १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण करण्यात आले. पुढे पानशेत व वरसगाव येथे प्रत्येकी ८ मेगावॅटची वीजकेंद्रे झाली.

शहरातील पूरग्रस्त आणि खोऱ्यातील धरणग्रस्त यांच्या या दोन अनुभवांची तुलना बोधप्रद आहे. पूरग्रस्तांचे संकट एका दिवसात सर्वांच्या डोळ्यांसमोर आले, तर धरणग्रस्तांचे संकट वर्षानुवर्षे, एकेका घराने, नजरेआड घडत गेले. शासनाची यंत्रणा पहिल्या प्रकारच्या संकटास त्वरेने प्रतिसाद देते. ऊर्जा-संक्रमणात रोजगार जाण्याचे संकट मात्र दुसऱ्या प्रकारचे असते.

कोळसाभट्टी आणि कातकरी श्रमिक

या परिसरातील ऊर्जेच्या इतिहासाचे आणखी एक अंग फारसे चर्चिले गेलेले नाही. ते म्हणजे लाकडी कोळशाचे. स्वयंपाकाचा गॅस घरोघरी येण्यापूर्वी मुंबई-पुण्याच्या चुलींना व शेगड्यांना लागणारा कोळसा सह्याद्रीच्या रानांतून येत असे. धरणाच्या बांधकामासाठी रस्ते झाले आणि पूर्वी दुर्गम असलेली राने व्यापाऱ्यांच्या आवाक्यात आली. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पानशेत परिसरातील डोंगर, धरणे व जंगले यांचा जो अभ्यास केला त्यातून ही साखळी स्पष्ट झाली. खाचर गेल्याने अडचणीत आलेल्या शेतकऱ्याने मालकी रानातील झाडे व्यापाऱ्यास विकली, झाडांचा कोळसा झाला, उतार उघडे पडले आणि माती जलाशयात जाऊ लागली. म्हणजे स्वच्छ समजल्या जाणाऱ्या जलयोजनेच्या मागोमाग जंगलाचा कोळसा होण्याची प्रक्रिया चालू होती. दोन्हींमधील दुवा होता तो उपजीविका गमावलेला माणूस.

भट्टी लावण्याचे काम प्रामुख्याने कातकरी करीत. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा या जमातीचा परंपरागत व्यवसाय. वनकायद्यांमुळे तो आक्रसत गेल्यावर हे लोक मोठ्या प्रमाणावर कोळसाभट्टीच्या मजुरीकडे वळले. पावसाळ्यात ठेकेदाराकडून उचल घ्यावयाची आणि पावसाळा संपताच कुटुंबासह रानात जाऊन ती फेडावयाची, अशी ही पद्धत होती. लाकूड तोडणे, ते रचून मातीने झाकणे, दिवसरात्र भट्टीवर लक्ष ठेवणे, कोळसा काढून पोत्यांत भरणे ही सर्व कामे स्त्रीपुरुष व मुले मिळून करीत. हिशेब ठेकेदाराकडे असे. हंगामाअखेरीस उचल फिटली नाही म्हणजे पुढच्या वर्षीची मजुरी आधीच बांधली जाई.

रॉकेल व स्वयंपाकाचा गॅस यांचा प्रसार झाला तशी लाकडी कोळशाची मागणी घटली. दुसरीकडे १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा, १९७५ चा खाजगी वने संपादनाचा कायदा आणि १९८० चा केंद्रीय वनसंवर्धन कायदा यांनी तोडीवर बंधने आणली. ही बंधने आवश्यक होती. परंतु हे कायदे झाडांसाठी होते. भट्टीवरील मजुराने उद्या काय करावे हा त्यांचा विषय नव्हता. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने उचलीच्या कर्जातून मुक्ती देण्याची तरतूद केली, तथापि पर्यायी काम दिले नाही. परिणामी कातकरी कुटुंबे भट्टी सोडून वीटभट्टीकडे गेली आणि उचलीची पद्धत त्यांच्याबरोबर तेथेही गेली. इंधन बदलले, परंतु श्रमिकाचे बंधन बदलले नाही. कमी धुराच्या इंधनाकडे झालेल्या या संक्रमणाचा लाभ शहरातील प्रत्येक स्वयंपाकघराने घेतला. त्याची झळ मात्र एका भूमिहीन जमातीने सोसली.

कायद्यांची वाटचाल

मुळशीपासून सुरू झालेला असंतोष स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या संघटित चळवळीत परिणत झाला. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी यांसारख्या नेत्यांनी 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी लावून धरली. या मागणीचे महत्त्व तिच्या क्रमात आहे. पुनर्वसन ही नंतर करावयाची दया नसून प्रकल्पाची पूर्वअट आहे, असा तिचा अर्थ होय.

या दबावातून महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पविस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होते. त्याची जागा पुढे १९८६ च्या व नंतर १९९९ च्या कायद्याने घेतली. प्रकल्पाचा लाभ ज्यांना मिळतो त्यांच्या जमिनीतून काही हिस्सा घेऊन तो विस्थापितांना द्यावयाचा, हे या कायद्यांचे सूत्र होते. प्रकल्पग्रस्तांसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षणही ठेवण्यात आले. केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत जमीनमालकाबरोबरच संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळे व कारागीर यांचाही समावेश केला. मुळशीच्या कुळांना १९२४ मध्ये जे मिळाले नाही ते तत्त्वतः मान्य होण्यास नव्वद वर्षे लागली.

याच काळात महाराष्ट्राने श्रमिकांसाठी आणखी एक महत्त्वाचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे काढावी लागली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेस अनुसरून रोजगार हमीची योजना आकारास आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास काम देणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य ठरले. या योजनेची वित्तव्यवस्था विशेष लक्षणीय होती. १९७५ च्या कायद्याने बसविलेला व्यवसाय कर हा तिचा प्रमुख आधार होता. शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्या उत्पन्नातून गोळा होणारा पैसा ग्रामीण मजुराच्या कामाकडे वळविला जाई व त्यात राज्य शासन आपली भर घाली. केंद्राने २००५ मध्ये केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

वरील दोन कायद्यांत न्याय्य संक्रमणाची दोन मूलतत्त्वे आढळतात. पुनर्वसन कायद्याने लाभधारकाने विस्थापिताचा वाटा द्यावा हे तत्त्व दिले. रोजगार हमीने काम हा मालमत्तेवर अवलंबून नसलेला हक्क आहे हे तत्त्व दिले. या तत्त्वांचा उगम युरोपीय कल्पनांत नसून महाराष्ट्राच्या भूमीतील संघर्षात आहे, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

वर्तमान नियोजनाशी संबंध

या पार्श्वभूमीवर आजच्या नियोजनाकडे पाहता येते. जर्मनीने अनुदानावर चालणाऱ्या दगडी कोळशाच्या खाणी २०१८ अखेर बंद करण्याचा निर्णय २००७ मध्येच घेतला. अकरा वर्षांचा अवधी मिळाल्याने वयस्क खाणकामगारांना निवृत्तीपर्यंतचे साहाय्य व तरुणांना दुसऱ्या कामाचे शिक्षण देणे शक्य झाले. डिसेंबर २०१८ मध्ये बॉट्रॉप येथील शेवटची खाण बंद झाली तेव्हा कामगार सक्तीने बेकार होऊ नयेत याची तजवीज आधीच झालेली होती. याउलट ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या संपानंतर खाणी झपाट्याने बंद झाल्या आणि खाणींच्या गावांना त्याचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागले. दोन्ही देशांत कोळसा मागे पडला. फरक पडला तो अवधी व पूर्वतयारी यांमुळे.

भारतात झारखंड राज्याने २०२२ मध्ये न्याय्य संक्रमणासाठी कृतिदल नेमून या दिशेने पहिले पाऊल टाकले. महाराष्ट्रातील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. औष्णिक वीजकेंद्रातील कायम कर्मचाऱ्यास सेवाशर्तींचे संरक्षण असते. परंतु त्याच केंद्राच्या आश्रयाने जगणारे कंत्राटी मजूर, मालमोटारींचे चालक, राखेच्या विटा तयार करणारे, चहाची टपरी व खानावळ चालविणारे यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते. त्यांचे स्थान मुळशीच्या कुळासारखे व भट्टीवरील कातकऱ्यासारखे आहे. त्यांच्या श्रमावर व्यवस्था चालते. भरपाईच्या यादीत त्यांचे नाव नसते.

नव्या ऊर्जेची वाटही पुन्हा सह्याद्रीतूनच जात आहे. सौर व पवन ऊर्जा साठविण्यासाठी उदंचन जलविद्युत प्रकल्प उपयुक्त ठरतात. दिवसा उपलब्ध असलेल्या जादा विजेने खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे आणि मागणीच्या वेळी ते सोडून वीज निर्माण करावयाची, असे त्यांचे स्वरूप आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरवता येथे १,८०० मेगावॅट आणि रायगड जिल्ह्यातील भिवपुरी येथे १,००० मेगावॅट क्षमतेच्या अशा प्रकल्पांसाठी टाटा पॉवर कंपनी व राज्य शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. शंभर वर्षांपूर्वी ज्या घाटमाथ्यावर कोळशाला पर्याय शोधला गेला तेथेच तो पुन्हा शोधला जात आहे. म्हणून कोळसा सोडणाऱ्या जिल्ह्यांइतकाच नव्या ऊर्जेला जागा देणाऱ्या खोऱ्यांचाही विचार न्याय्य संक्रमणाच्या नियोजनात होणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

१. भोर, वेल्हे व मुळशी परिसरात ऊर्जा व पाण्याच्या योजनांचे तांत्रिक आणि आर्थिक नियोजन आगाऊ झाले. श्रमिकांच्या उपजीविकेचे नियोजन मात्र बहुधा विस्थापनानंतर झाले. अपयशाचे मुख्य कारण साधनांचा अभाव हे नसून कामाचा क्रम चुकला हे होय.

२. भरपाईचा आधार मालकी हा राहिल्याने कुळे, शेतमजूर व कातकरी हे सर्वाधिक बाधित घटक नियोजनाबाहेर राहिले. श्रमिकांची प्रत्यक्ष कामावर आधारित नोंद केल्याखेरीज हा दोष दूर होणार नाही.

३. पर्यायी काम न देता जुने काम थांबविल्यास श्रमिक त्याच प्रकारच्या दुसऱ्या बंधनात जातो, हे कोळसाभट्टीकडून वीटभट्टीकडे झालेल्या स्थलांतरावरून दिसते. पानशेत परिसरात तर उपजीविका गेल्याने जंगलावरील ताण वाढला. श्रमिकांची उपेक्षा पर्यावरणासही घातक ठरते.

४. लाभधारकांच्या वाट्यातून बाधितांस देण्याचे तत्त्व महाराष्ट्राने पुनर्वसन कायदे व व्यवसाय कर यांद्वारे दोनदा अमलात आणले आहे. नव्या ऊर्जेच्या लाभातून श्रमिकांसाठी निधी उभारण्यास त्यामुळे राज्यातच पूर्वाधार उपलब्ध आहे.

समारोप

मुळशीचे धरण आज शंभर वर्षांचे होत आले आहे आणि त्याची वीज मुंबईला मिळत आहे. त्या विजेने कोळशाचा धूर कमी केला हे खरे; ज्यांच्या खाचरांवर ते पाणी उभे आहे त्यांच्या वाट्याला काय आले हेही तितकेच खरे आहे. कमी कार्बन उत्सर्जनाच्या अर्थव्यवस्थेकडे जाणे अपरिहार्य व इष्ट आहे. त्या वाटचालीत 'आधी पुनर्वसन, मग धरण' या मावळच्या मातीला परिचित असलेल्या सूत्राचा विस्तार करून 'आधी श्रमिकांची व्यवस्था, मग बदल' असे धोरण शासनाने स्वीकारल्यास इतिहासातील चुकांची पुनरावृत्ती टळू शकेल.